फेदरस्टनहॉ : जमिनीवरून आलेले, जमिनीबरोबर गेलेले आडनाव

इंग्लंडच्या उत्तरेला, नॉर्थंबरलंड परगण्यात, हॉल्टव्हिसल गावाजवळ साउथ टाइन नदीच्या काठी फेदरस्टन किल्ला उभा आहे. फेदरस्टनहॉ हे दुर्मीळ आडनाव याच भूमीतले. आजच्या इंग्रजीतील पिसाशी त्याचा संबंध नाही. जुन्या इंग्रजीत ‘फेदर’ म्हणजे चार आणि ‘स्टान’ म्हणजे दगड. तीन उभ्या शिळांवर चौथी आडवी ठेवलेल्या एखाद्या प्राचीन रचनेवरून हे नाव पडले असावे, असे स्थलनामांचे अभ्यासक मानतात. शेवटचा ‘हॉ’ म्हणजे नदीकाठची सपाट, गाळाची जमीन.

रोमन लिपीत हे आडनाव पूर्ण लिहिले तर सतरा अक्षरे होतात. बोलताना मात्र त्याचे अनेकदा नुसते ‘फॅन्शॉ’ होते. याच आडनावाचे सर टिमोथी यादवी युद्धात राजाच्या बाजूने लढले, पकडले गेले आणि १६५१ साली चेस्टर येथे त्यांचा शिरच्छेद झाला.

परंतु या नावाची सर्वांत विलक्षण कहाणी दक्षिणेत, ससेक्समधील अपपार्क या वाड्यात घडली. १७४७ मध्ये सर मॅथ्यू फेदरस्टनहॉ यांनी तो विकत घेतला. त्यांचे पुत्र सर हॅरी यांनी १८२५ मध्ये, वयाची सत्तर वर्षे पूर्ण झालेली असताना, आपल्याच दुग्धशाळेत काम करणाऱ्या मेरी अ‍ॅन बुलक या तरुणीशी विवाह केला. त्या काळच्या उमरावांच्या जगात हे धाडस मोठेच होते. १८४६ मध्ये सर हॅरी निपुत्रिक वारले, तेव्हा सारी मालमत्ता मेरी अ‍ॅनकडे आली, आणि १८७४ मध्ये तिच्या निधनानंतर ती धाकटी बहीण फ्रान्सिस हिला मिळाली. फ्रान्सिसने बुलक हे जन्माचे आडनाव सोडून फेदरस्टनहॉ हे आडनाव धारण केले. दोघी बहिणींनी वाडा सर हॅरींच्या वेळी होता तसाच जपला, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. याच फ्रान्सिसच्या पदरी लेखक एच. जी. वेल्स यांच्या आई कारभारीण होत्या, आणि तरुण वेल्स वाड्याच्या ग्रंथसंग्रहातली पुस्तके वाचत असत.

१८९५ मध्ये फ्रान्सिसही गेली. त्यानंतर आलेल्या टर्नर आणि मीड या वारसांनी आपापल्या आडनावाला फेदरस्टनहॉ जोडून घेतले. पुढे १९५४ मध्ये अ‍ॅडमिरल सर हर्बर्ट मीड-फेदरस्टनहॉ आणि त्यांच्या मुलाने अपपार्क नॅशनल ट्रस्ट या वारसावास्तू जपणाऱ्या संस्थेच्या स्वाधीन केला.