आधी हवा सोडा
(बडोद्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, बडोद्याहून वाळूत गाडी घालायची म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आधी कच्छ येतं. तो विचार बाजूला ठेवा. पांढरं रण म्हणजे वाळू नव्हे. वर मिठाचा पापुद्रा आणि खाली ओला चिखल. कावी-कंबोईचा किनाराही तसाच. स्तंभेश्वराचं देऊळ दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याखाली जातं, तिथे गाडी उतरवायचीच नाही. आज बोलायचंय ते जैसलमेरकडच्या कोरड्या, सैल वाळूबद्दल. आणि तिथेही राष्ट्रीय मरू उद्यानाच्या हद्दीत मनाला येईल तशी गाडी घालायची नाही, तो माळढोकाचा मुलूख आहे.

आता गाडी. म्हणजे महागडी एसयूव्ही: अडीच टनांची, चारही चाकांना ताकद देणारी, एअर सस्पेन्शनची (हवेच्या जोरावर वर-खाली होणारी). तिच्या किमतीतला बराचसा पैसा डांबरी रस्त्यासाठी मोजलेला असतो आणि वाळूत नेमकं तेच आड येतं. पहिली अडचण चाकांची. शोरूममधून येणारे बावीस इंची रिम दिसतात झकास, पण 275/45 आर 22 मापाच्या टायरची भिंत, म्हणजे रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंतची रबराची बाजू, फक्त 124 मिलिमीटर उंच. तेच 255/70 आर 18 घेतलं तर 178. वाळूत काम करते ती ही भिंत. तुमच्या मॉडेलच्या ब्रेकवर अठरा इंची रिम बसत असतील तर वाळूसाठी एक वेगळा संच ठेवा. स्टेपनीही पूर्ण मापाची हवी.

हवेचा हिशेब सोपा आहे. अडीच टन म्हणजे साधारण 5,500 पाउंड. टायरमध्ये 35 पीएसआय (दर चौरस इंचावर 35 पाउंड दाब) हवा असेल तर जमिनीला टेकलेला भाग ढोबळमानाने दर चाकामागे 39 चौरस इंच. हवा 16 वर आणली की तोच 86 च्या आसपास जातो. लोकांना वाटतं टायर रुंद होतो. रुंद थोडासाच होतो, वाढते ती लांबी. रणगाड्याच्या पट्ट्यासारखा तो वाळूवर पसरतो. अठरा इंची रिमवर 15 ते 18 पीएसआयने सुरुवात करा. बावीस इंचीवर 20 च्या खाली जाऊ नका, कारण भिंत आखूड असल्यामुळे रिम थेट दगडाला लागतो. हवा कमी असताना जोरात वळलात तर टायर रिमवरून निसटतो, म्हणून वळणं मोठ्या घेराची घ्या. डॅशबोर्डवर हवेचा पिवळा दिवा लागेल, लागू दे.

नंतर बटणं. लँड रोव्हरने 2004 मध्ये डिस्कव्हरी 3 बरोबर टेरेन रिस्पॉन्स (जमिनीनुसार गाडीचं वागणं बदलणारं बटण) आणलं, तेव्हापासून अशा गाड्यांत वाळूचा मोड असतो. तो लावा, पण तेवढ्यावर थांबू नका. स्थिरता-नियंत्रण वेगळं बंद करा, नाहीतर चाक जरा सुटलं की ते इंजिनाची ताकद कापतं आणि चढाच्या मध्यावर गाडी मरते. आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेकही बंद करा. समोरच्या टेकडीचं तोंड त्याला भिंत वाटू शकतं. गाडी थांबली की ब्रेक धरून ठेवणारं ऑटो-होल्डही नको. लो रेंज (कमी वेग, जास्त जोर) टाका, गिअर हाताने निवडा, सस्पेन्शन वर घ्या. वेग वाढला की ते आपोआप खाली येतं, तेवढं ध्यानात असू द्या.

ब्रेकबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण शहरातल्या चालकाची सवय इथेच नडते. ब्रेक दाबला की चाकापुढे वाळूची पाचर तयार होते आणि निघताना गाडीला तीच पाचर चढावी लागते. थांबायचं असेल तर अॅक्सिलरेटर सोडा, गाडी आपोआप थांबते. आणि थांबवा उतारावर, तोंड खाली करून.

टेकडीचा वाऱ्याकडचा चढ सौम्य असतो, साधारण 10 ते 15 अंशांचा. पलीकडची बाजू 33-34 अंशांची; वाळू त्याहून उभी राहूच शकत नाही. म्हणजे आरामात वर जाता आणि माथ्यावर पोचल्यावर समोर फक्त आकाश. वेग पायथ्याशीच घ्या, चढ सरळ घ्या, माथ्याच्या अलीकडे पाय सैल करा. जोरात गेलात तर गाडी हवेत, फारच हळू गेलात तर पोट माथ्यावर टेकून चारही चाकं लोंबकळणार. उतरताना मागची बाजू सरकू लागली तर स्टीअरिंग उताराच्या दिशेने आणि थोडासा अॅक्सिलरेटर. इथे ब्रेक दाबला की गाडी आडवी होते, आणि आडवी झालेली गाडी उलटते. चढ पुरा झाला नाही तर रिव्हर्समध्ये, आपल्याच चाकोरीतून, सरळ मागे. न्यूट्रल अजिबात नाही. मागे पाहायला दार उघडून वाकू नका, बऱ्याच महागड्या गाड्यांचा गिअर दार उघडताच स्वतःच पार्कवर जातो.

रुतलात तर लगेच पाय काढा. चाक जितकं फिरेल तितकं ते स्वतःचा खड्डा खणतं. फावड्याने आधी पोटाखालची वाळू काढा, मग निघायचं त्या बाजूची, चाकांजवळची. हवा आणखी चार-पाच पीएसआय उतरवा. त्याच बाजूने चाकांखाली फळ्या सरकवा आणि शक्यतो मागेच निघा. दुसऱ्या गाडीने ओढायची वेळ आली तर दोर चासीच्या पक्क्या हुकालाच बांधायचा. ट्रेलरच्या गोळ्याला कधीच नाही. तो गोळा तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा येतो. बंपरमध्ये फिरवून बसवायचं जे कडं गाडीसोबत मिळतं, तेही झटका देणाऱ्या ताणदोरासाठी नाही.

डांबरी लागण्याआधी हवा भरा. 16 पीएसआयवर महामार्गाच्या वेगाने गेलात तर टायरची भिंत तापून फुटते. कॉम्प्रेसर थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडा, लायटरच्या सॉकेटचा फ्यूज उडतो. इंजिन चालू ठेवा. चार मोठी चाकं भरायला वीसेक मिनिटं लागतात, तेवढ्यात थर्मासमधला चहा होतो.