लंडनहून मायावतीला : सेव्हियर पतिपत्नींची गोष्ट

(दृश्य : देवदारांचं रान, मागे हिमशिखरं)

उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात लोहाघाट गावापासून वर चढत गेलं की मायावती लागतं. उंची सुमारे ६,४०० फूट. इथे एकेकाळी चहाचा मळा होता. १८९९ साली एका इंग्रज जोडप्याने तो स्वतःच्या पैशाने घेतला आणि तिथे अद्वैत आश्रम उभा राहिला. कॅप्टन जेम्स हेन्री सेव्हियर आणि शार्लट सेव्हियर ही त्या दोघांची नावं.

धर्मकार्यासाठी सातासमुद्रापलीकडून आलेली जोडपी आपल्याला नवी नाहीत. विल्सन कॉलेजला ज्यांचं नाव आहे, ते जॉन विल्सन पत्नी मार्गारेटसह १८२९ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा त्यांच्या पाठीशी स्कॉटलंडची मिशनरी सोसायटी होती. सेव्हियरांच्या पाठीशी अशी संस्था नव्हती. पगार नव्हता, हुद्दा नव्हता. शिवाय ते आपला धर्म द्यायला आले नव्हते, इथलं काहीतरी घ्यायला आले होते.

(दृश्य : जुन्या लंडनची छायाचित्रं)

१८९६ साली लंडनमध्ये स्वामी विवेकानंदांची व्याख्यानं चालू होती. लष्करातून निवृत्त झालेले कॅप्टन सेव्हियर ऐकायला आले होते. बाहेर पडताना त्यांनी स्वामीजींच्या अमेरिकन अनुयायी जोसेफिन मॅक्लाउड यांना विचारलं, "या तरुणाला तुम्ही ओळखता ना? दिसतो तसाच आहे का तो?" त्या हो म्हणाल्या. "मग त्याच्या मागे जायला हवं, त्याच्याबरोबर देव शोधायला हवा," असं म्हणून कॅप्टन आपल्या पत्नीकडे गेले. "मी स्वामींचा शिष्य झालो तर चालेल?" शार्लटबाई म्हणाल्या, "चालेल." आणि लगेच त्यांनीही विचारलं, "मी झाले तर?" कॅप्टन गमतीने म्हणाले, "त्याचं मात्र काही सांगता येत नाही!" ही आठवण मॅक्लाउड यांनीच नोंदवली आहे.

मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. नवऱ्याने ठरवलं आणि बायको मुकाट्याने बोटीत बसली, असं इथे झालं नाही. दोघांनी एकमेकांना विचारलं, आणि निर्णय दोघांचा झाला. शार्लटबाईंचं पुढचं आयुष्य त्याशिवाय समजतच नाही.

त्याच उन्हाळ्यात दोघं स्वामीजींबरोबर स्वित्झर्लंडला गेले. आल्प्सच्या शिखरांमधून फिरताना हिमालयात एक मठ असावा, ही इच्छा स्वामीजींनी बोलून दाखवली. सेव्हियरांनी ती मनावर घेतली. लंडनला परतून त्यांनी घरातलं सामानसुमान विकलं. १६ डिसेंबर १८९६ ला लंडन सोडलं, ३० डिसेंबरला नेपल्सहून बोट धरली आणि १५ जानेवारी १८९७ ला स्वामीजींसोबत कोलंबो गाठलं. वय पन्नाशीच्या आसपास. आपल्याकडे वानप्रस्थ म्हणतात, तो या दोघांनी खरोखरच घेतला.

(दृश्य : अल्मोडा, डोंगरउतारावरची घरं)

अल्मोड्याला बिऱ्हाड झालं. स्वामीजींच्या प्रेरणेने मद्रासहून निघणारं 'प्रबुद्ध भारत' हे इंग्रजी मासिक तरुण संपादकाच्या मृत्यूमुळे बंद पडलं होतं. ऑगस्ट १८९८ पासून ते अल्मोड्याहून पुन्हा निघू लागलं. संपादक स्वामीजींचे शिष्य स्वामी स्वरूपानंद आणि व्यवस्थापक कॅप्टन सेव्हियर. पुढे मासिकाचा छापखानाही मायावतीला हलला.

या जोडप्याबद्दल स्वामीजींनी १८९७ च्या जुलैमध्ये मार्गारेट नोबल यांना, म्हणजे पुढच्या भगिनी निवेदितांना, एका पत्रात लिहिलं आहे. आमच्यावर मेहेरबानी करायच्या भावनेने जे आले नाहीत, असे हे दोघंच, हा त्यातला आशय. १८९७ चा हिंदुस्थान डोळ्यांपुढे आणा, म्हणजे या एका वाक्याचं वजन कळेल. राज्य इंग्रजांचं, आणि हा माजी इंग्रज अधिकारी पुढच्याच वर्षी एका संन्याशाच्या मासिकाची व्यवस्था पाहू लागला.

(दृश्य : आश्रमाची इमारत, व्हरांडा)

१९ मार्च १८९९ ला, स्वामीजींचे गुरू श्रीरामकृष्ण यांच्या जयंतीच्या सुमारास, मायावतीचा आश्रम सुरू झाला. इथे मूर्ती नाही, पूजाअर्चा नाही, फक्त अद्वैताची, म्हणजे जीव आणि ब्रह्म एकच या तत्त्वाची, साधना आणि सेवा, असं ठरलं होतं.

कॅप्टनसाहेबांना इथे दीड-एक वर्षच मिळालं. २८ ऑक्टोबर १९०० रोजी मायावतीलाच त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे खालच्या नदीकाठी हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले.

स्वामीजी तेव्हा परदेशात होते. डिसेंबरमध्ये कोलकात्याजवळच्या बेलूर मठात पोहोचताच बातमी कळली आणि तब्येत ढासळलेली असतानाही ते शार्लटबाईंना भेटायला निघाले. रेल्वे काठगोदामपर्यंतच. पुढे डोंगरातली ६५ मैलांची वाट, ऐन हिवाळा, वर बर्फ. ३ जानेवारी १९०१ ला ते मायावतीला पोहोचले आणि पंधरा दिवस राहिले. आश्रमातल्या एका खोलीत श्रीरामकृष्णांच्या तसबिरीची पूजा होते आहे, हे पाहून ते नाराज झाले, पण बंद करा असा हुकूम त्यांनी सोडला नाही. पुढच्या वर्षी आश्रमाने ती पूजा आपणहून थांबवली.

आता शार्लटबाई इंग्लंडला जातील, असं कुणालाही वाटलं असतं. त्या गेल्या नाहीत. त्या रानात आणखी पंधराएक वर्षं राहिल्या. आश्रमवासीयांच्या त्या 'मदर' होत्या. १९०६ मध्ये स्वरूपानंद अकाली गेले, तेव्हाही त्यांनी आश्रम सोडला नाही. स्वामीजींच्या समग्र साहित्याची इंग्रजी आवृत्ती याच काळात इथून निघू लागली. तिला आजही 'मायावती स्मृती आवृत्ती' म्हणतात. इथे कंटाळा येत नाही का, असं मॅक्लाउड यांनी त्यांना एकदा विचारलं होतं. "मी त्यांचा विचार करते," एवढंच त्या म्हणाल्या. 'त्यांचा' म्हणजे स्वामीजींचा.

१९१६ च्या सुमारास त्या इंग्लंडला परतल्या. २० ऑक्टोबर १९३० रोजी तिथेच त्यांचं निधन झालं.

(दृश्य : रुग्णालयाबाहेर बसलेली माणसं)

त्या असतानाच, १९०३ मध्ये, आश्रमात गावकऱ्यांसाठी एक लहानसा दवाखाना सुरू झाला होता. आज तिथे रुग्णालय आहे आणि आसपासच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवरची माणसं तिथे येतात. उपचार मोफत होतात. बाहेरगावचे डॉक्टरही शिबिरांसाठी येऊन विनामोबदला रुग्ण तपासतात.