थांबून पुढे जाणारी विंगर : कॅरोलिन ग्रॅहम हॅन्सन

गोथेनबर्ग, 16 मे 2021. युरोपातल्या क्लबांच्या महिला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, बार्सिलोना विरुद्ध चेल्सी. 36 वं मिनिट चालू आहे. चेंडू डाव्या कडेला लिके मार्टेन्सकडे आहे. ती बचावपटूला मागे टाकून गोलरेषेकडे शिरते आणि गोलसमोरून आडवा पास देते. आता चेंडू सोडून पडद्याची उजवी बाजू बघा. दूरच्या खांबापाशी नॉर्वेची कॅरोलिन ग्रॅहम हॅन्सन आधीच येऊन पोचली आहे. तिला फक्त पाय लावायचा आहे. 4-0.

सोपा दिसणारा हा गोल अवघड असतो तो पोचण्यात. चेंडू पलीकडच्या कडेला असला की विंगरला, म्हणजे कडेनं खेळणाऱ्या आक्रमक खेळाडूला, मोह होतो पेनल्टी क्षेत्राच्या बाहेर थांबून बघत राहण्याचा, कारण धावलं तरी बहुतेक वेळा पास येतच नाही. रिकामे हेलपाटे घालायची तयारी असलेली विंगरच त्या खांबापाशी सापडते.

कॅरोलिनचा जन्म 18 फेब्रुवारी 1995 चा, ऑस्लोचा. पंधराव्या वर्षी ती स्टॅबेक क्लबच्या पहिल्या संघात होती आणि सोळाव्या वर्षी नॉर्वेच्या राष्ट्रीय संघात. 2013 च्या युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेत नॉर्वे अंतिम फेरीत गेली. जर्मनीची गोलरक्षक नादिन अँगररनं दोन पेनल्टी अडवल्या आणि नॉर्वे 1-0 अशी हरली. तेव्हा कॅरोलिन 18 वर्षांची होती. त्यानंतर स्वीडनच्या ट्यूरेसो क्लबमध्ये थोडा काळ, पुन्हा स्टॅबेक, आणि 2014 मध्ये जर्मनीतला वोल्फ्सबर्ग. तिथल्या पाच मोसमांत तीन लीग विजेतेपदं आणि पाच जर्मन कप मिळाले. चॅम्पियन्स लीग मात्र हुकली. 2018 ला कीव्हमधल्या अंतिम सामन्यात जादा वेळेत वोल्फ्सबर्गनं आघाडी घेतली होती. मग वोल्फ्सबर्गच्या अलेक्झांड्रा पॉपला लाल कार्ड मिळालं आणि फ्रान्सच्या ल्यों क्लबनं चार गोल केले.

तिच्या खेळाकडे नीट पाहायला हवं, कारण आजच्या फुटबॉलमध्ये तो दुर्मीळ होत चालला आहे. सध्या प्रशिक्षक डावखुऱ्या खेळाडूला उजव्या कडेला ठेवतात, म्हणजे ती आत वळून थेट गोलवर फटका मारू शकते. कॅरोलिन उजव्या पायाची आहे आणि उजव्याच कडेला खेळते. त्यामुळे चेंडू तिच्या बाहेरच्या पायाशी, बचावपटूपासून लांब राहतो. समोरची फुलबॅक, म्हणजे कडेची बचावपटू, चेंडूवर झडप घालायला गेली तर आधी कॅरोलिनचं शरीर आडवं येतं.

पास घेताना ती बुटांनी टचलाइन, म्हणजे मैदानाच्या बाजूची रेषा, जवळजवळ शिवत उभी असते. मैदानाची रुंदी साधारण 68 मीटर. विंगर इतकी बाहेर राहिली की फुलबॅकला ठरवावं लागतं, तिच्याजवळ जायचं की आपल्या मध्य बचावपटूजवळ राहायचं. ती बाहेर आली तर दोघींच्या मधल्या फटीत बार्सिलोनातली सहकारी ऐताना बोन्मतीसारखी मिडफिल्डर घुसते. न आली तर कॅरोलिनला मोकळा चेंडू मिळतो. पास घेताना शरीर अर्धं उघडं हवं, म्हणजे पाठ टचलाइनकडे आणि नजर संपूर्ण मैदानावर. नवख्या विंगर चूक करतात ती इथेच. गोलकडे पाठ करून चेंडू घेतला की फुलबॅक मागून चिकटते आणि चेंडू परत मागे देण्याखेरीज काही उरत नाही.

मग येतो तिचा थांबा. चेंडू मिळाल्यावर ती वेग वाढवत नाही, कमी करते. कधी जवळजवळ उभीच राहते. बचावपटूलाही थांबावं लागतं. मग चेंडूवरून उजवा पाय आतून बाहेर फिरतो, तो स्टेपओव्हर. फुलबॅकचं वजन एका पायावर जातं, आणि ज्या पायावर वजन आहे तो पाय क्षणभर उचलता येत नाही. कॅरोलिन वाट बघत असते ती त्या क्षणाची. चेंडू पुढे सरकवायचा तो त्या अडकलेल्या पायाच्या बाजूनं. उभ्या स्थितीतून निघताना पहिली दोन-तीन पावलंच निर्णायक असतात, म्हणून सर्वांत वेगवान खेळाडू नसूनही ती पुढे निघून जाते. हा डाव फसतो तो अंतरामुळे. स्टेपओव्हर फार लांबून केला तर बचावपटूला सावरायला वेळ मिळतो, फार जवळून केला तर बचावपटूचा पायच चेंडूला लागतो.

गोलरेषेपर्यंत पोचल्यावर पास मागच्या दिशेनं द्यायचा. चेंडू मागे दिला तर घेणारी ऑफसाइड (बचावफळीच्या पुढे असल्याचा नियमभंग) होऊ शकत नाही. शिवाय आपल्या गोलकडे धावत सुटलेल्या बचावपटूंना उलट वळावं लागतं. 2023 च्या आइंडहोवनमधल्या अंतिम सामन्यात बार्सिलोना 2-0 नं मागे होती, आणि समोर कॅरोलिनचा जुना वोल्फ्सबर्ग. 48 व्या मिनिटाला उजवीकडून कॅरोलिननं दिलेल्या चेंडूवर पात्री गिहारोनं पहिला गोल केला. सामना 3-2 असा फिरला.

या खेळाची किंमत शरीर मोजतं. वेगात असताना अचानक थांबणं आणि वळणं, गुडघ्याला सगळ्यात जड जातं ते हेच. दुखापतीमुळे कॅरोलिनचा 2015 चा विश्वचषक हुकला. तिच्याच शहरातल्या संशोधकांनी मुलींच्या फुटबॉलसाठी एक सराव तपासला, तो आज फिफा 11 प्लस म्हणून ओळखला जातो. नॉर्वेतल्या 1,800 हून अधिक मुलींवर झालेल्या या अभ्यासात गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. सराव 20 मिनिटांचा आहे. आठ मिनिटं हलकं धावणं, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटी दोन मिनिटं वेगानं धावणं. आठवड्यातून किमान दोनदा. आपल्याकडच्या प्रत्येक मुलींच्या संघानं तो करावा, कारण त्याला महागडं काहीच लागत नाही. त्यातला मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम विंगरसाठी मोलाचा आहे. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदारानं घोटे घट्ट धरायचे, आणि डोक्यापासून गुडघ्यापर्यंत शरीर सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचं. तोल सुटला की हातांवर उतरायचं. सुरुवातीला तीन ते पाच वेळा पुरे. कंबरेत वाकलात तर स्नायूंवर ताण येतच नाही.

2019 मध्ये ती बार्सिलोनात आली. तिथे 2021, 2023 आणि 2024 अशा तीन चॅम्पियन्स लीग जिंकल्या. 22 एप्रिल 2022 ला वोल्फ्सबर्गविरुद्ध कॅम्प नोऊवर 91,648 प्रेक्षक होते आणि दहाव्या मिनिटाला गोल तिचा होता. 2023-24 मध्ये 21 गोल करून ती स्पॅनिश लीगमध्ये अव्वल राहिली. कडेला खेळणाऱ्या खेळाडूनं हे करावं, ही फार मोठी गोष्ट आहे. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या बॅलन डी'ऑरमध्ये 2024 ला ती बोन्मतीपाठोपाठ दुसरी आली.

देशाकडून खेळताना वाट खडतरच राहिली. 2017 मध्ये नॉर्वेच्या महासंघानं पुरुष आणि महिला संघांना समान मानधन मान्य केलं. पुरुष खेळाडूंनी आपल्या जाहिरात उत्पन्नातला वाटा सोडला, आणि कॅरोलिननं जाहीरपणे त्यांचे आभार मानले. त्याच वर्षीच्या युरोत नॉर्वे तिन्ही सामने हरली, एकही गोल न करता. 2022 च्या युरोत इंग्लंडनं 8-0 नं हरवलं. त्यानंतर हृदयाच्या ठोक्यांच्या अनियमिततेमुळे ती काही काळ राष्ट्रीय संघापासून दूर राहिली. 2023 च्या विश्वचषकात तिला स्वित्झर्लंडविरुद्ध राखीव बाकावर बसवलं गेलं. ती उघडपणे बोलली, मग माफीही मागितली. पुढच्या सामन्यात फिलिपिन्सविरुद्ध तिनं पेनल्टी क्षेत्राबाहेरून गोल केला.

युरो 2025, फिनलंडविरुद्ध 1-1, 84 वं मिनिट. तिनं गोलसमोर टाकलेला चेंडू कुणाच्याच पायाला न लागता खांबावर आदळून आत गेला. नॉर्वे उपांत्यपूर्व फेरीत पोचली आणि इटलीकडून 2-1 अशी हरली. 2013 च्या त्या अंतिम सामन्यानंतर 2025 पर्यंत नॉर्वेचा महिला संघ कोणत्याही मोठ्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत गेलेला नाही.