मोडली मांडी, आणि दम लागतोय छातीला?

नमस्कार मंडळी. मी ऑर्थोच्या वॉर्डात बरीच वर्षं नर्स म्हणून काम करते, तेव्हा तुम्हाला वाटेल ही आता हाडांवर बोलणार, कॅल्शियम घ्या, दूध प्या वगैरे, तर तसं नाही, आज मला बोलायचंय ते फुप्फुसांबद्दल.

आमच्या गोव्यातल्या पेडण्याकडचा एक पोरगा, वय 22, पावसात स्कूटर घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. पहिल्या दिवशी एकदम ठीक, मोबाईलवर रील्स बघतोय, पेज नको म्हणून आईशी हुज्जत घालतोय. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला ती आई काउंटरवर आली आणि म्हणाली, सिस्टर, हा मला मावशी म्हणतोय. सोबतचे काका म्हणत होते इंजेक्शनची गुंगी असेल, झोपू दे त्याला. मी बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ऑक्सिजन 86, म्हणजे बराच कमी. शर्ट वर केला तर काखेत आणि छातीवर बारीक बारीक लाल ठिपके, पिसू चावल्यासारखे, पण दाबले तरी जात नव्हते.

याला फॅट एम्बोलिझम म्हणतात. मोठ्या माणसाच्या लांब हाडाच्या पोकळीत पिवळी मज्जा असते, म्हणजे बरीचशी चरबीच. हाड मोडलं की तिचे थेंब फाटलेल्या शिरांमधून रक्तात शिरतात, शागुतीवर तवंग येतो ना तसे, आणि हृदयातून पुढे गेले की पहिली बारीक गाळणी लागते ती फुप्फुसांची, तिथे अडकतात. थोडे थेंब तर मोठं हाड मोडलेल्या बहुतेकांच्या रक्तात जातात, त्रास मात्र थोड्यांनाच होतो. आता गंमत म्हणा की घात म्हणा, हे लगेच दिसत नाही, साधारण 24 ते 72 तासांत दिसतं, कारण अडकलेली चरबी फुटून तिची आम्लं होतात आणि ती फुप्फुसाला आतून सुजवतात असं मानतात. म्हणून पहिल्या दिवशीचा छातीचा एक्सरे चांगला आला म्हणजे सुटलो असं नाही. हे आजकालचं दुखणंही नाही हं, 1862 साली झेंकर नावाच्या जर्मन डॉक्टरने चिरडून मेलेल्या एका रेल्वे कामगाराच्या फुप्फुसात ही चरबी बघितली होती.

ठिपके सगळ्यांना येत नाहीत, त्यामुळे त्यांची वाट बघत बसू नका. धाप, आणि बोलण्यात घोळ, एवढं पुरे. आणि हा घोळ आमच्याआधी घरच्यांनाच कळतो, कारण पोरगा नेहमी कसा बोलतो ते आम्हाला कुठे माहीत?

चरबी विरघळवणारं खात्रीचं औषध अजून नाही. ऑक्सिजन, गरज पडली तर व्हेंटिलेटर, आणि शरीराला वेळ द्यायचा, बहुतेक जण त्यातून बाहेर येतात. खरी मेहनत आधीची. मोडलेला पाय हलत राहिला की चरबी आणखी सुटते, म्हणून माणसाला पायलटच्या, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागे बसवून न्यायचं नाही, मालीश करायला हाडवैद्याकडे तर नाहीच नाही, पाय आहे तसा फळीला बांधा आणि 108 ला फोन लावा. आणि डॉक्टर म्हणाले पेशंट स्थिर आहे, उद्याच रॉड घालू, तर गणपतीची चवथ होऊ दे मग बघू असं म्हणू नका हो! दरवर्षी कोणीतरी म्हणतंच. हाड लवकर पक्कं झालं की हा धोका कमी होतो.

म्हाताऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. आजी न्हाणीत पडून खुब्यात मोडली की तिला चरबीपेक्षा भीती असते पडून राहण्याची, न्यूमोनियाची आणि पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याची, तीही कधी कधी घरी गेल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी. एका पायाची पोटरी सुजली, दुखतेय, गरम लागतेय, तर खोबरेल तेल घेऊन चोळत बसू नका, चोळल्याने गुठळी सुटू शकते, सरळ दवाखान्यात या. आणि ते तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र देतो ना श्वासाच्या व्यायामाला, ते नातवंडांना खेळायला देऊ नका, ते आजीचं आहे.

तो पोरगा नवव्या दिवशी आयसीयूतून वॉर्डात आला. मला बघून पहिला प्रश्न काय, तर स्कूटरचं किती नुकसान झालंय. आई बाजूलाच होती, म्हणाली, आधी मला सांग, मी कोण?