लीनमध्ये स्वतःचा सिम्प्रॉक: हात कधी लावायचा नाही, ते आधी ठरवा

[कॅमेऱ्याकडे पाहून]

राम राम मंडळी! जळगाव, धुळे, नंदुरबारकडची जी मुलंमुली लीन 4 शिकताहेत आणि ‘सिम्प’ अडला की थांबतात, त्यांच्यासाठी आजचा व्हिडिओ. लीन 4 ही गणिती पुरावे तपासणारी संगणक भाषा, आणि सिम्प ही तिच्यातली पदं सोपी करणारी आज्ञा. सिम्पला आपण स्वतःची सरळीकरणाची रीत शिकवणार आहोत. लीनमध्ये तिला सिम्प्रॉक म्हणतात. ही सोय 2024 च्या सुरुवातीला, 4.6.0 आवृत्तीत आली.

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ. यावलकडे केळीची 72 रोपं लावायची आहेत. प्रत्येक ओळीत सारखीच रोपं हवीत, एकही उरायला नको. मग ओळी किती करता येतील? 72 चे जेवढे भाजक, तेवढे पर्याय: 1, 2, 3, 4, 6, 8, 9, 12, 18, 24, 36 आणि 72.

[स्क्रीनवर: भाजक फलनाची व्याख्या. 0 ते न पर्यंतची यादी, त्यातून शून्यापेक्षा मोठे आणि न ला निःशेष भागणारे आकडे गाळून घेतलेले]

नाव देवनागरीत द्यायचं असेल तर ते दुहेरी कोनी अवतरणात, म्हणजे « » मध्ये, लिहा, नाहीतर लीन ते वाचणार नाही. शून्याची अटही विसरू नका. लीनमध्ये शून्याने भागल्यावर बाकी म्हणून मूळ आकडाच मिळतो. ती अट नसेल तर ‘भाजक 0’ च्या यादीत 0 येऊन बसेल.

आता हे काम साध्या नियमाने का होत नाही? सिम्पचा नियम म्हणजे सिद्ध केलेलं समीकरण. डावी बाजू दिसली की तिच्या जागी उजवी ठेवायची. इथे 72 ची उजवी बाजू वेगळी, 73 ची वेगळी, म्हणजे आकड्यागणिक एक नियम लिहावा लागेल. व्याख्या उलगडायला सांगितलीत, तर सिम्प 0 ते 72 मधला एकेक आकडा तपासत बसेल आणि पुरावाही तेवढाच लांबेल. सिम्प्रॉक हा छोटा प्रोग्राम असतो. पद समोर आलं की तो हिशोब करतो आणि उत्तर एका पायरीत देतो.

[स्क्रीनवर: सिम्प्रॉकची पहिली ओळ, पॅटर्न ‘भाजक _’]

पॅटर्न जुळला म्हणजे काम झालं, असं समजू नका. त्याचा उपयोग फक्त पहिल्या चाळणीपुरता. लीन पॅटर्न डिस्क्रिमिनेशन ट्रीमध्ये, म्हणजे झटपट शोधायच्या झाडासारख्या रचनेत, ठेवतं आणि काही व्याख्या उलगडून जुळवतं, त्यामुळे वेगळ्या रूपातलं पदही तुमच्यापर्यंत येऊ शकतं. म्हणून आत शिरताच दोन गोष्टी तपासा. पद खरंच ‘भाजक’ आहे आणि त्याला एकच आर्ग्युमेंट, म्हणजे पुढे दिलेली किंमत, आहे ना? आणि ते आर्ग्युमेंट प्रत्यक्ष आकडा आहे ना? दोन्हींपैकी एक जरी नसेल तर ‘कंटिन्यू’ परत करा. त्याचा अर्थ, माझं इथे काम नाही, पुढची रीत वापरून बघा. एरर फेकू नका. एरर फेकलीत तर सिम्पचं अख्खं काम तिथेच कोसळतं, आणि वापरणाऱ्याला दोष कुठला ते कळतही नाही.

उत्तर द्यायला आणखी दोन पर्याय आहेत. ‘डन’ म्हणजे यापुढे सरळीकरण नको. ‘व्हिजिट’ म्हणजे नव्या पदावर पुन्हा फिर. आपली यादी नुसत्या आकड्यांची आहे, म्हणून डन. व्हिजिट देताना एक बघा: नवं पद तुमच्याच पॅटर्नला पुन्हा जुळतंय का? जुळत असेल तर फेरा सुरू. तो सिम्पची एखादी मर्यादा संपल्यावरच थांबतो, आणि पायऱ्यांची मर्यादा मुळात 1,00,000 आहे. आयसाबेल या लीनसारख्याच दुसऱ्या साधनात याचं सुंदर उदाहरण आहे. युनिट या प्रकारात एकच मूल्य असतं. ‘क्ष बरोबर ते मूल्य’ असा नियम दिला, तर ते मूल्यच पुन्हा क्षला जुळतं आणि फेरा कधी संपत नाही. तिथला सिम्प्रॉक आधी बघतो की पद आधीच ते मूल्य आहे का, आणि असेल तर हात लावत नाही.

आता पुरावा. इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या. नव्या पदासोबत पुरावा दिला नाहीत, तर दोन्ही बाजू व्याख्येनेच समान आहेत, असा तुमचा दावा होतो. आपल्या यादीत हा दावा खरा आहे, म्हणून ‘डीसिम्प्रॉक’ म्हणून लिहिणं जास्त चांगलं. मग तो डीसिम्पमध्येही, म्हणजे फक्त व्याख्येने समान असलेले बदल करणाऱ्या सिम्पमध्येही, चालतो. दावा खोटा असला तरी खोटं प्रमेय सिद्ध होत नाही, कारण शेवटी कर्नल, म्हणजे लीनचा पुरावे तपासणारा गाभा, सगळं तपासतो. पण चूक तुमच्या ओळीवर न दिसता प्रमेय पूर्ण होताना दिसते, आणि शोधायला फार त्रास होतो. म्हणून लिहीत असताना, दोन्ही बाजू समान आहेत का, हे सिम्प्रॉकच्या आतच तपासून घ्या.

कर्नलवर भार किती पडतो, तेही बघा. बेरीज, गुणाकार, भागाकार, बाकी हे नैसर्गिक संख्यांवर कर्नल वेगाने करतो. यादी मात्र त्याला एकेक घटक उलगडूनच तपासावी लागते. 72 ला काहीच वाटत नाही, पण लाखाच्या आकड्याला तो अडकेल. म्हणून एक वरची मर्यादा ठेवा आणि आकडा त्यापुढे गेला तर कंटिन्यू द्या. मर्यादा किती, ते तुमच्या मशीनवर मोजून ठरवा.

आणखी एक खाचखळगा. यादीतले आकडे बांधताना कच्चा लिटरल, म्हणजे कशात न गुंडाळलेला नुसता आकडा, वापरू नका. सिम्पचे नियम ‘ऑफनॅट’ या लीनच्या नेहमीच्या वेष्टणात गुंडाळलेला आकडा धरून लिहिलेले असतात. कच्चा आकडा स्क्रीनवर तसाच दिसतो, पण पुढचे नियम त्याला जुळत नाहीत.

वेळेबद्दल थोडक्यात. सिम्प्रॉक मुळात आतली पदं सोपी झाल्यावर चालतो, आणि आपल्याला तेच हवंय. खाली जाणारा बाण (↓) लावला तर तो आधी चालतो. ‘इफ’सारख्या ठिकाणी त्याचा उपयोग: अट ठरली की मेलेल्या फांदीवर वेळ घालवायचा नाही.

[स्क्रीनवर: तीन चाचण्या]

सुरुवातीला ‘डीसिम्प्रॉक_डेक्ल’ने घोषित करा, म्हणजे तो नाव घेऊन मागितला तरच चालेल आणि बाकीच्या पुराव्यांना धक्का लागणार नाही. मग तीन चाचण्या घ्या. ‘भाजक 72’ ची यादी मिळाली पाहिजे. ‘भाजक (70 + 2)’ चीही तीच यादी आली पाहिजे. बेरीज लीनचा स्वतःचा सिम्प्रॉक आधीच करून देतो. तिसरी ‘भाजक न’, जिथे न हे चल आहे. तिथे ‘सिम्प ओन्ली’मध्ये, म्हणजे दिलेलंच वापरणाऱ्या सिम्पमध्ये, एवढा एकच सिम्प्रॉक द्या आणि ‘फेल_इफ_सक्सेस’ लावा, म्हणजे आतली आज्ञा अपयशी ठरली तरच पुढे जाता येईल. पद जसंच्या तसं राहिलं आणि सिम्पने प्रगती झाली नाही असं सांगितलं, तर ही चाचणी पास.