जर, तांबं आणि सहा पिना

श्रोतेहो, नमस्कार. येवल्याचा विणकर, नाशकातला तांबट, एक संगीतकार आणि एक सर्किट जोडणारा, अशा चौघांनी मिळून एकच वस्तू करायची. पैठणीच्या विणीचा एक तुकडा. त्यावर बोट टेकलं की शेजारचं तांब्याचं घंगाळ वाजतं. हे जमतं कसं आणि फसतं कुठे, ते आज पाहू.

सुरुवात कोडपासून नको, जरीपासून करा. जर म्हणून विकला जाणारा बराच धागा चकाकत्या प्लास्टिकचा असतो, आणि त्याच्यातून वीज जाईल याचा भरवसा नाही. म्हणून दुकानातच मल्टीमीटर लावा. ३० सेंटिमीटर धाग्याला काही शे ओहम आले तरी चालतील, कारण आपल्याला फक्त स्पर्श ओळखायचाय, दिवा पेटवायचा नाही. मीटर ढिम्म राहिला, तर धागा कितीही देखणा असो, परत द्या.

खरी मेख विणीत आहे. पैठणीच्या पदराची जमीन जरीची आणि नक्षी रेशमाची. म्हणजे सगळी जर एकमेकींना टेकलेली. बोट कुठेही ठेवा, सर्किटला जागा एकच दिसते. सहा स्वर हवेत तर जरीचे सहा उभे पट्टे हवेत. प्रत्येक २ सेंटिमीटरचा, दोन पट्ट्यांमध्ये १ सेंटिमीटर निव्वळ रेशीम, एकूण रुंदी १७. जिथे दोन बाणे, म्हणजे आडवे धागे, एकमेकांत अडकतात, तिथे जरीत रेशीम अडकलं तर बिघडत नाही. जरीत जर अडकली की शॉर्ट. हा आराखडा चौघांनी मागाशेजारी बसूनच काढावा. कापड उतरल्यावर बोलून काय उपयोग?

जरीला वायर डाग देऊन जोडू नका, आतलं रेशीम जळतं. पितळी टिचबटण घ्या. त्याच्या एका अर्ध्याला वायरचा डाग आधी द्या. दुसरा अर्धा त्याच जरीने पट्ट्यावर शिवा. वायर २० सेंटिमीटरपेक्षा आखूड ठेवा, नाहीतर वायरच स्पर्श ओळखू लागते.

आता सर्किट. मूळ ईएसपी-३२ या छोट्या संगणक-बोर्डावर स्पर्श ओळखणाऱ्या १० पिना, म्हणजे वायर जोडायच्या जागा, असतात. त्यांतल्या ०, २, १२ आणि १५ या बोर्ड सुरू होताना वेगळ्या कामाला लागतात, त्या सोडा. उरतात ४, १३, १४, २७, ३२ आणि ३३. बरोब्बर सहा! या बोर्डावर स्पर्श झाला की पिनेवर वाचलेला आकडा घटतो, त्याच्याच एस-३ या दुसऱ्या प्रकारावर मात्र वाढतो. एकाचं कोड दुसऱ्यावर चढवलं की सगळं उलटं. सुरू होताना प्रत्येक पट्ट्याची ५० वाचनं घ्या आणि सरासरीच्या ८० टक्क्यांखाली आकडा गेला की स्पर्श धरा. पावसाळ्यात रेशीम दमट होतं आणि ही पातळी सरकते, म्हणून ती चालू असतानाही हळूहळू बदलत ठेवा.

आता घंगाळ. त्याला एक्सायटर, म्हणजे पत्रा थरथरवणारा पडद्याविना स्पीकर, चिकटवायचा, की भांडंच स्पीकर होतं. मठारलेल्या, म्हणजे हातोडीने ठोकलेल्या, खळग्यांवर तो नीट बसत नाही आणि नुसता खरखरतो. म्हणून तांबटाला ५ सेंटिमीटरचा सपाट गोल आधीच राखून ठेवायला सांगा. भट्टीत तापवलेलं तांबं मऊ असतं, आवाज मंद. शेवटचं मठारकाम झाल्यावरच ते कडक होऊन खणखणतं. कड्या ढिल्या असतील तर त्याही सुरात सूर मिसळतात, त्यांना सुतळी बांधा. संगीतकाराने डग्ग्याचा घुमारा मागू नये, लहान एक्सायटरला तो झेपत नाही. टाळ, घुंगरू, तबल्यातल्या दायाँचा टणत्कार उत्तम.

आणि पैशाचं. विणकराची कमाई मागावर उतरलेल्या कापडावर असते. नमुन्यासाठी माग अडकला की घरचं उत्पन्न अडकतं. तेव्हा नमुन्याचे दिवस रोजाने ठरवा, फसलेले नमुने धरून, आणि तेही मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, चढण्याआधी.