घुमटावरची थाप कुठून येते

(दृश्य : गोव्यात फोंड्याजवळचं एक घर. गणेश चवथीची संध्याकाळ, घुमट-आरती सुरू आहे. घुमट म्हणजे मातीच्या मडक्याच्या तोंडावर चामडं ताणून केलेलं वाद्य.)

गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीतली कवंडळं, तोरिंगणं ही फळं आणि सुपारीचे घोस पाहून झाले असतील, तर आता या हातांकडे बघा. उजव्या हाताची बोटं चामड्यावर पडतात आणि डावा तळवा मडक्याचं मागचं लहान तोंड उघडतो, मिटतो. घुमटाचा तो भरीव नाद दोन्ही हातांचा मिळून आहे. (पूर्वी हे चामडं घोरपडीचं असायचं. आता तिला कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून बकऱ्याचं वापरतात.)

आवाज ऐकून हात हलायला माणसाला सेकंदाचा साधारण सातवा हिस्सा लागतो. आरती चढली की दोन थापांमधलं अंतर त्याहूनही कमी होतं. म्हणजे सोबतचं शामेळ हे तालवाद्य ऐकून मग थाप द्यायची म्हटली, तर ती दरवेळी मागेच पडेल. पण पडत नाही, कारण मेंदू वाट बघत बसत नाही. पुढची मात्रा कधी येणार हे तो आधीच ताडतो आणि हुकूम आधीच सोडतो. ठरावीक ठोक्यावर बोट आपटायला सांगितलं, तर बहुतेकांचं बोट ठोक्याच्या किंचित आधी पडतं. त्यांना मात्र ते अगदी वेळेवर पडल्यासारखं वाटतं.

उजव्या हाताचा हुकूम निघतो मेंदूच्या डाव्या बाजूकडून. मज्जारज्जूच्या जरा वर बहुतेक तंतू बाजू बदलतात, मग मान, खांदा, दंड आणि बोटं. चेतातंतूतून हुकूम धावण्याचा वेग मोजताच येणार नाही, असं एकेकाळी मोठे शास्त्रज्ञही मानत. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने 1850 मध्ये बेडकाच्या पायावर तो मोजून दाखवला : सेकंदाला सुमारे 30 मीटर. आपले मायलिनचं (एका स्निग्ध पदार्थाचं) वेष्टण असलेले जाड तंतू याच्या तिप्पट वेगही गाठतात.

(दृश्य : कोपऱ्यात बिस्किटांच्या रिकाम्या डब्यावर ताल धरणारा मुलगा.)

दोन थापा जमल्या, तिसरी घसरली. त्याने आजोबांच्या हाताकडे पाहिलं, पुढची जमली. या क्षणी त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूला अनुमस्तिष्क, म्हणजे लहान मेंदू, कामाला लागलं आहे. वजनाने ते मेंदूचा जेमतेम दहावा हिस्सा, पण मेंदूतल्या सुमारे 8600 कोटी चेतापेशींपैकी पाचातल्या चार इथेच आहेत. थाप कुठे पडायला हवी होती आणि कुठे पडली, यातला फरक ते टिपतं आणि पुढच्या थापेत तेवढी दुरुस्ती होते. कुणी मात्रा मोजून न देताही पोरं घुमट शिकतात, ती अशी.

मेंदूत खोलवर चेतापेशींचे आणखी काही पुंजके आहेत, बेसल गँग्लिया. नुसता ताल ऐकतानाही ते जागे होतात. पार्किन्सन्स या आजारात तिथे डोपामिन हे संदेशवाहक रसायन कमी पडतं आणि चालायला उठलेल्या माणसाचा पाय कधीकधी जागीच खिळतो. अशा वेळी लयीत ठोके ऐकवले, की अनेकांचं पाऊल उचललं जातं. फिजिओथेरपीत त्यासाठी मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिक करणारं यंत्र, वापरतात. ज्याने जन्मभर चवथीला घुमट ऐकलं, त्या गोवेकरासाठी हा ठोका घुमटाचा असायला हवा, असं आम्हाला मनापासून वाटतं.